पस्तिशीनंतरचे मातृत्व : भीती नको, वेळेचे भान हवे

शिक्षण, नोकरीतील स्थैर्य आणि उशिरा होणारे विवाह यांमुळे शहरांतील अनेक स्त्रियांचे पहिले बाळंतपण आता तिशीच्या उत्तरार्धात होऊ लागले आहे. वैद्यकशास्त्र पस्तिशीनंतरच्या गर्भारपणाला अधिक काळजीचे मानते. मात्र पस्तिसाव्या वाढदिवशी धोका अचानक उद्भवतो, असे नव्हे. तो तिशीपासून हळूहळू वाढतो आणि चाळिशीच्या सुमारास अधिक वेगाने वाढू लागतो.

बीजाचे वय

पुरुषाच्या शरीरात शुक्रजंतू सतत नव्याने तयार होतात. स्त्रीची बीजे मात्र तिच्या जन्मापूर्वीच तयार झालेली असतात. चाळिसाव्या वर्षी पक्व होणारे बीज चाळीस वर्षांचेच असते. अशा बीजात गुणसूत्रांची विभागणी चुकण्याची शक्यता वाढते. त्यामुळे गर्भपाताचे प्रमाण वाढते, तसेच बाळात डाऊन सिंड्रोमसारखे दोष आढळू शकतात. पंचविशीतील मातांच्या साधारण १२५० बाळांमागे एकास हा दोष असतो. वयाच्या ३५ व्या वर्षी हे प्रमाण सुमारे ३५० मध्ये एक, तर ४० व्या वर्षी १०० मध्ये एक होते. अर्थात, चाळिशीतही शंभरातील ९९ बाळे या दोषापासून मुक्त असतात.

मातेला संभवणारे धोके

गर्भारपणातील मधुमेह व रक्तदाब, वार गर्भाशयाच्या मुखाशी असणे, अपुऱ्या दिवसांची प्रसूती आणि सिझेरियन यांचे प्रमाण वयानुसार वाढते. विसाव्या आठवड्यानंतर रक्तदाब १४०/९० किंवा त्याहून अधिक झाल्यास त्याकडे दुर्लक्ष करू नये. तीव्र डोकेदुखी, डोळ्यांपुढे अंधारी, पोटाच्या वरच्या भागात वेदना किंवा चेहऱ्यावर अचानक सूज आल्यास त्वरित रुग्णालय गाठावे.

तपासण्यांचे वेळापत्रक

गर्भधारणेपूर्वी किमान महिनाभर रोज ४०० मायक्रोग्रॅम फॉलिक अॅसिड घ्यावे. रक्तदाब, साखर, थायरॉइड व हिमोग्लोबिन तपासून घ्यावे. पस्तिशीनंतर सहा महिने प्रयत्न करूनही दिवस न राहिल्यास वर्षभर थांबू नये, तज्ज्ञांचा सल्ला घ्यावा.

गर्भाच्या मानेमागील द्रव मोजणारी सोनोग्राफी ११ ते १४ आठवड्यांदरम्यानच करता येते. मातेच्या रक्तातील गर्भाच्या डीएनएची चाचणी दहाव्या आठवड्यापासून होते. या दोन्ही चाचण्या केवळ शक्यता सांगतात. खात्रीचे निदान पंधराव्या आठवड्यानंतर गर्भजलाच्या तपासणीने होते. तिच्यात गर्भपाताचा अल्पसा धोका असतो. बाळाच्या अवयवांची सविस्तर सोनोग्राफी १८ ते २० आठवड्यांत करावी. गर्भलिंगनिदानास १९९४ च्या कायद्याने बंदी आहे. मात्र दोषनिदानासाठी गर्भजल तपासण्याची मुभा देणाऱ्या कारणांत ३५ वर्षांवरील वयाचाही समावेश आहे.

संकोचामुळे अथवा 'तीन महिने कोणाला सांगू नये' या समजुतीमुळे डॉक्टरांकडे जाणे लांबले, तर नेमक्या याच चाचण्यांची मुदत निघून जाते. दोष उशिरा कळल्यास विचार करण्यास, दुसरे मत घेण्यास दाम्पत्याला वेळच उरत नाही. शेजाऱ्यापाजाऱ्यांना बातमी सावकाश कळली तरी चालेल. पण पाळी चुकताच स्त्रीरोगतज्ज्ञांकडे नाव नोंदवावे. नियमित तपासणी व सुसज्ज रुग्णालयाची निवड केल्यास पस्तिशीनंतरच्याही बहुतांश स्त्रिया सुखरूप बाळंत होतात.