फक्त आवाज कॉपी केला, पुस्तक राहून गेलं

मागच्या दिवाळीत श्रीरामपूरला घरी गेलो होतो. शाळेपासूनचा एक मित्र भेटायला आला. त्याला दिसत नाही. सध्या इतिहासात एमए करतोय, पुढे पीएचडीच्या प्रवेश परीक्षेला बसायचंय. त्याने पेन ड्राइव्ह हातात दिला, म्हणाला, "यातलं पुस्तक माझ्या प्लेअरच्या कार्डवर टाकून दे ना." फोल्डरमध्ये ढीगभर फाइल होत्या. मी एमपी3 तेवढ्या उचलल्या. बाकीच्या बारीकसारीक फाइल फालतू समजून सोडून दिल्या. रात्री त्याचा फोन आला: "अरे, आवाज येतोय, पण पान नंबर कुठंय? मी तळटीप देऊ कशी?"

या प्रश्नामागे जवळपास शंभर वर्षांचा इतिहास आहे.

बोलक्या पुस्तकांची सुरुवात तबकड्यांवर झाली. पहिल्या महायुद्धात दृष्टी गेलेल्या अनेक सैनिकांना मोठ्या वयात ब्रेल शिकणं जड जात होतं. अमेरिकेत 1934 च्या सुमारास आणि ब्रिटनमध्ये 1935 साली अशी पुस्तकं वाचकांकडे जायला लागली. अमेरिकेतली तबकडी मिनिटाला 33⅓ फेरे घ्यायची. संगीताच्या बाजारात या वेगाची एलपी आली ती 1948 मध्ये. म्हणजे अंध वाचकांकडे हे तंत्र आधी पोचलं होतं! पुढे कॅसेट आली. आपल्याकडे मुंबईच्या नॅशनल असोसिएशन फॉर द ब्लाइंडसारख्या संस्थांमध्ये स्वयंसेवकांनी पुस्तकं वाचून रेकॉर्ड केली.

पण कॅसेटची एक मोठी अडचण होती. कादंबरी सलग ऐकता येते, संदर्भग्रंथ तसा वाचता येत नाही. आपण सूची बघतो, पाचव्या प्रकरणावर उडी मारतो, पुन्हा मागे येतो. टेप पुढे-मागे पळवून हे जमत नाही. स्वीडनमधल्या बोलक्या पुस्तकांच्या सरकारी ग्रंथालयाने 1988 मध्ये या प्रश्नावर काम सुरू केलं. त्यातून डेझी ही पद्धत निघाली आणि 1996 मध्ये वेगवेगळ्या देशांतल्या ग्रंथालयांनी मिळून डेझी कन्सॉर्शियम स्थापन केलं.

आता माझी चूक बघा. डेझीच्या 2.02 आवृत्तीत 'एनसीसी' नावाची एक छोटी फाइल असते. त्यात प्रकरणं, उपप्रकरणं आणि पान नंबर असतात. 'स्माइल' नावाच्या फाइल सांगतात की अमुक मथळा तमुक ऑडिओच्या कितव्या सेकंदाला सुरू होतो. मी नेमक्या याच सोडल्या होत्या! त्यामुळे पुस्तक प्लेअरला नुसती गाण्यांची यादी वाटलं. उपाय सोपा आहे: फोल्डर अख्खा कॉपी करायचा, आतल्या फाइलींची नावं बदलायची नाहीत आणि प्लेअरने डेझी पुस्तकांसाठी ठरवलेल्या फोल्डरमध्येच तो ठेवायचा.

तंत्र आलं तरी पुस्तक हातात येण्यासाठी कायदा लागतो. भारतात 2012 च्या कॉपीराइट दुरुस्तीने अपंग व्यक्तींसाठी वाचता येईल अशा स्वरूपात प्रत करायला मोकळीक दिली. 2013 मध्ये माराकेश करार झाला आणि 2014 मध्ये त्याला मान्यता देणारा भारत पहिला देश ठरला. 2016 मध्ये सुगम्य पुस्तकालय हे ऑनलाइन ग्रंथालय सुरू झालं. म्हणजे तालुक्याच्या गावात बसूनही पुस्तक उतरवून घेता येतं, पार्सलची वाट बघावी लागत नाही.

संशोधनाची तयारी करणाऱ्यांसाठी यात दोन गोष्टी आहेत. पहिली, साधनाची रचना हासुद्धा पुरावा असतो. जुन्या कॅसेटचा अभ्यास करताना आत काय वाचलंय एवढंच ऐकू नका. किती बाजू होत्या, पान नंबर बोलले होते का, हेही नोंदवा. त्या काळी ऐकणारा कशासाठी वाचेल असं गृहीत धरलं होतं, ते त्यातून कळतं. दुसरी, 'किती पुस्तकं उपलब्ध' हा आकडा पुरेसा नसतो. त्यातल्या कितींमधून तळटीप देता येते, हे विचारा. मराठी संदर्भग्रंथांबद्दल हा प्रश्न घेतला तर एक चांगला शोधनिबंध होईल.

दुसऱ्या दिवशी मी अख्खा फोल्डर परत टाकून दिला. मित्राने प्लेअरवर पान नंबर दाबला, हवं ते वाक्य ऐकलं आणि तळटीप लिहून घेतली. मग म्हणाला, "आता पुढचं पुस्तक."