राणीचा घेर

माद्रिदच्या प्रादो संग्रहालयात स्पेनच्या राणी मारियानाचे एक मोठे चित्र आहे. दिएगो वेलाझ्केझ या दरबारी चित्रकाराने ते १६५२-५३ च्या सुमारास रंगवले. काळा पोशाख, त्यावर रुपेरी पट्ट्या आणि कमरेपासून दोन्ही बाजूंना पसरलेला अवाढव्य घेर. चेहरा मात्र रुसलेल्या मुलीचा. तिचे लग्न ठरले होते स्पेनच्या युवराजाशी. तो १६४६ मध्ये वारला, आणि १६४९ मध्ये, वयाच्या चौदाव्या वर्षी, तिला त्याच्या वडिलांशी, म्हणजे आपल्याच सख्ख्या मामाशी, चौथ्या फिलिप राजाशी, लग्न करावे लागले.

तीनशे वर्षांनंतर ही राणी ब्राँझमध्ये उतरली, ती मानोलो वाल्देस यांच्या हातून. वाल्देस यांचा जन्म १९४२ चा, व्हॅलेन्सियाचा. १९६४ साली राफाएल सोल्बेस आणि हुआन अंतोनिओ तोलेदो यांच्यासह त्यांनी ‘एकिपो क्रोनिका’ हा गट काढला. तोलेदो लवकरच बाहेर पडले, पण उरलेल्या दोघांनी नाव गाजवले. स्पेनमध्ये तेव्हा फ्रँकोची हुकूमशाही होती आणि देशाच्या सुवर्णयुगाचे गोडवे सरकारी थाटात गायले जात. या तरुणांनी वेलाझ्केझला त्या थाटातून बाहेर काढले. १९७० च्या एका चित्रात त्यांनी ‘लास मेनिनास’मधील राजकन्या आणि तिच्या दासी थेट एका मध्यमवर्गीय घराच्या दिवाणखान्यात आणून बसवल्या. ही राजकन्या मार्गारिता म्हणजे मारियानाचीच मुलगी.

पूर्वजांच्या चित्राशी असा संवाद नवा नव्हता. १९५७ साली पिकासोने ‘लास मेनिनास’वर एकामागून एक कितीतरी चित्रे रंगवली होती. वाल्देस यांनी पिकासो आणि मातीस यांच्याकडून जसे घेतले, तसेच जुन्या चित्रकारांकडूनही.

१९८१ मध्ये सोल्बेस गेले आणि गट संपला. एकटे पडलेले वाल्देस हळूहळू शिल्पाकडे वळले, पुढे न्यूयॉर्कला जाऊन राहिले. तिथेही विषय बदलला नाही. त्यांच्या ब्राँझमधील मारियानाला नाक-डोळे जवळजवळ नाहीतच. उरतो तो घंटेसारखा घेर, वर लहानसे डोके आणि केसांचा रुंद पसारा. दागिने, पट्ट्या, रुमाल सगळे गळून पडते, तरी पाहणारा तिला ओळखतो. आणि चित्रात जे पोशाखाच्या झगमगाटात लपते, ते इथे उघडे पडते: एवढ्या घेराखाली दबलेली ती पोर.

ब्राँझ म्हणजे तांबे आणि कथील यांचा मिश्रधातू. मेणाच्या प्रतिकृतीवर मातीचे लेप द्यायचे, तापवून मेण काढून टाकायचे आणि त्या पोकळीत धातूचा रस ओतायचा, ही युक्ती जगभर फार जुनी. आपल्या दख्खनमध्येही, कल्याणीच्या चालुक्य राजा सोमेश्वर तिसरा याच्या बाराव्या शतकातील ‘मानसोल्लास’ ग्रंथात तिचे वर्णन आहे. मेण नाहीसे होते, आकार राहतो.

वाल्देस यांनी वारशाचेही तेच केले. मूळ चित्राची हुबेहूब नक्कल केली असती, तर ती प्रादोपुढे फिकी पडली असती. गाव सोडून दूर राहणाऱ्या या माणसाने बरोबर नेला तो फक्त आकार, आणि त्यात स्वतःचा धातू ओतला. परक्या मुलखात पिढ्यानपिढ्या घर केलेल्या आपल्यासारख्यांना हे वेगळे समजावून सांगायला नको.