तान्ह्या बाळाला ऊन देणे

तान्ह्या बाळाला ऊन देणे म्हणजे जन्मानंतरच्या पहिल्या काही महिन्यांत अर्भकास थोडा वेळ सूर्यप्रकाशात धरण्याची परंपरागत पद्धत होय. महाराष्ट्रात ती ‘कोवळे ऊन देणे’ या नावाने परिचित असून बहुधा तेलमालिश व अंघोळ यांच्या जोडीने पाळली जाते. सूर्यप्रकाशामुळे त्वचेत ड जीवनसत्त्व तयार होते, हा या पद्धतीचा शास्त्रीय आधार आहे. मात्र लहान बाळास उन्हाचा त्रास लवकर होतो. तसेच उन्हाने कावीळ बरी होते, हा समज बाळाच्या जिवावर बेतू शकतो. नंदुरबार जिल्ह्यातील धडगावसारख्या दुर्गम डोंगराळ भागात या दोन्ही बाबींना विशेष महत्त्व आहे.

शास्त्रीय आधार

सूर्यप्रकाशातील अतिनील-ब किरण (सुमारे २९० ते ३१५ नॅनोमीटर तरंगलांबी) त्वचेवर पडले असता तेथे ड जीवनसत्त्व तयार होते. हे जीवनसत्त्व अन्नातील कॅल्शियम शोषून घेण्यास मदत करते. त्याच्या अभावी मुलांना मुडदूस होतो व त्यांची हाडे मऊ पडून वाकतात. १९१९ साली बर्लिन येथील कुर्ट हुल्डशिन्स्की यांनी मुडदूस झालेल्या मुलांवर अतिनील किरणांचा उपचार करून तो रोग बरा होतो हे दाखविले. मातेच्या दुधात ड जीवनसत्त्वाचे प्रमाण अल्प असते. त्यामुळे केवळ स्तनपानावर असलेल्या बाळास ते अन्य मार्गाने मिळणे आवश्यक ठरते.

उन्हाची वेळ

पहाटेनंतरचे अगदी कोवळे ऊन सुखद असले तरी त्यात अतिनील-ब किरण फार थोडे असतात. सूर्य जसजसा वर येतो तसे त्यांचे प्रमाण वाढते, पण त्याबरोबर उष्णताही वाढते. त्यामुळे जे ऊन सोसवते त्यात ड जीवनसत्त्व कमी आणि ज्यात ते अधिक मिळते ते ऊन बाळास सोसवत नाही, अशी अडचण उद्भवते. २०१७ साली प्रसिद्ध झालेल्या दिल्लीतील एका अभ्यासानुसार, स्तनपानावरील बाळांना पुरेसे ड जीवनसत्त्व मिळण्यासाठी सकाळी १० ते दुपारी ३ या वेळात आठवड्यास किमान ३० मिनिटे आणि शरीराच्या सुमारे ४० टक्के भागावर ऊन मिळावे लागते. गडद त्वचेतील रंगद्रव्यामुळे ही प्रक्रिया मंदावते. खिडकीच्या काचेतून अतिनील-ब किरण जवळजवळ येत नाहीत; म्हणून काचेआडच्या उन्हाचा यासाठी उपयोग होत नाही.

उन्हाची तीव्रता ओळखण्याची सोपी खूण म्हणजे सावली होय. माणसाची सावली त्याच्या उंचीपेक्षा आखूड असेल तर अतिनील किरण प्रखर आहेत असे समजावे.

धोके

नवजात बाळाची त्वचा पातळ असते, त्यास घाम कमी येतो आणि आपणहून सावलीत सरकणे त्यास शक्य नसते. त्यामुळे त्वचा भाजणे, अंग तापणे व शरीरातील पाणी कमी होणे हे धोके संभवतात. अंगास लावलेल्या तेलामुळे उन्हापासून संरक्षण मिळत नाही. सहा महिन्यांखालील बाळांना थेट उन्हापासून दूर ठेवावे, अशी शिफारस अमेरिकेतील बालरोगतज्ज्ञांची संघटना करते. या वयात ऊनरोधक मलमापेक्षा सावली आणि सुती कपडे यांना प्राधान्य दिले जाते.

कावीळ आणि ऊन

१९५६ च्या सुमारास इंग्लंडमधील रॉचफर्ड येथील रुग्णालयात जीन वॉर्ड या परिचारिकेच्या लक्षात आले की, उन्हात ठेवलेल्या बाळाच्या त्वचेचा उघडा भाग कमी पिवळा दिसतो. या निरीक्षणातून पुढे प्रकाशोपचाराचा विकास झाला. निळ्या प्रकाशामुळे (सुमारे ४६० ते ४९० नॅनोमीटर) बिलीरुबिन या पिवळ्या द्रव्याचे रूपांतर शरीराबाहेर टाकता येईल अशा स्वरूपात होते. रुग्णालयातील उपकरणात हा प्रकाश नियंत्रित असतो. अंगणातील उन्हात तसे नियंत्रण नसते. म्हणून घरी ऊन देणे हा काविळीवरील उपचार मानला जात नाही. उन्हावर विसंबून वेळ गेल्यास वाढलेल्या बिलीरुबिनामुळे मेंदूस कायमची इजा, बहिरेपण किंवा मृत्यूही संभवतो.

पुढील लक्षणे आढळल्यास बाळास तत्काळ रुग्णालयात नेणे आवश्यक असते :

• जन्मानंतर पहिल्या २४ तासांत दिसणारा पिवळेपणा
• तळहात व तळपाय पिवळे होणे
• दूध न ओढणे, सुस्ती, अंग ताठणे किंवा चिरका आवाज
• पांढुरकी शी

दोन आठवड्यांनंतरही टिकणाऱ्या काविळीचीही तपासणी करावी लागते. सावळ्या बाळात पिवळेपणा चटकन दिसत नाही; डोळ्यांचा पांढरा भाग व हिरड्या दिवसाच्या उजेडात पाहाव्या लागतात.

धडगाव परिसर

धडगाव हे सातपुड्यातील अक्राणी तालुक्याचे मुख्यालय आहे. तालुक्यात भिल्ल व पावरा समाजाची वस्ती मोठी असून घरे डोंगरउतारावरील पाड्यांत विखुरलेली आहेत. कर्कवृत्ताच्या दक्षिणेस असल्यामुळे येथे मेअखेरीस व जुलैच्या मध्याजवळ सूर्य माध्यान्ही थेट डोक्यावर येतो. याउलट डिसेंबरात भर दुपारीही सावली माणसाच्या उंचीएवढी पडते. तोरणमाळसारख्या उंच ठिकाणी उन्हाळ्यातही हवा थंड वाटते, परंतु उंचीबरोबर अतिनील किरणांची तीव्रता वाढत जाते. हिवाळ्याच्या सकाळी बाळास उघडे ठेवल्यास थंडी बाधण्याचा धोका असतो.

काही पाड्यांपर्यंत पक्का रस्ता नसल्यामुळे रुग्णास बांबूच्या झोळीतून वाहून न्यावे लागते. अशा ठिकाणी काविळीची वाट पाहण्यात गेलेला एक दिवसही महाग पडतो. नवजात बाळाच्या घरी आशा स्वयंसेविकेने ३, ७, १४, २१, २८ व ४२ व्या दिवशी भेट द्यावी अशी योजना असून घरी प्रसूती झाल्यास पहिल्या दिवशीही भेट अपेक्षित असते. या भेटींत कावीळ लवकर ओळखता येते. बाळास रुग्णालयात नेण्यासाठी १०२ व १०८ या क्रमांकांवर रुग्णवाहिका मागविता येते.

सुरक्षित पद्धत

ड जीवनसत्त्वासाठी उन्हावर विसंबून न राहता जन्मापासून वर्षभर रोज ४०० आंतरराष्ट्रीय एकके थेंबांच्या रूपात द्यावीत, अशी भारतीय बालरोगतज्ज्ञांच्या संघटनेची शिफारस आहे. बाजारातील थेंबांत एका मिलिलिटरमधील मात्रा ४०० किंवा ८०० एकके असू शकते. त्यामुळे बाटलीवरील मात्रा वाचून व आरोग्य कर्मचाऱ्यास विचारून ते दिले जातात.

परंपरेनुसार बाळास ऊन द्यावयाचे असल्यास ते सौम्य असताना काही मिनिटेच दिले जाते. बाळाचे डोके व डोळे सावलीत ठेवून केवळ पाय किंवा पाठ उघडी ठेवतात. मोठे माणूस सतत जवळ असते आणि त्वचा लाल किंवा गरम लागताच बाळास सावलीत घेतले जाते. उन्हाळ्यातही सहा महिन्यांपर्यंत बाळास वरचे पाणी न देता वारंवार अंगावर पाजणे पुरेसे असते.