लक्ष्मीबाईंचे सोने

साताऱ्याच्या शिक्षणाचा इतिहास सांगताना मंगळसूत्राची गोष्ट येतेच. कर्मवीर भाऊराव पाटील फिरतीवर, वसतिगृहात धान्य संपलेले, मुले उपाशी. लक्ष्मीबाईंचे बाकीचे दागिने आधीच गेलेले, म्हणून मंगळसूत्रही सोनाराकडे गेले. शाळाशाळांतून ही गोष्ट त्यागाचा आदर्श म्हणून सांगितली जाते. गोष्ट खरी आहे. मात्र तिच्या सांगण्यात हिशेबाची बाजू झाकली जाते, असे मला नेहमी वाटत आले आहे.

हिशेब असा. त्या काळी आजच्या सांगली जिल्ह्यातील वाळवा, तासगाव, खानापूर हे तालुके सातारा जिल्ह्यातच होते. गावात फार तर चौथीपर्यंतची शाळा. पुढे शिकायचे तर शहर गाठावे लागे, आणि तिथे फीपेक्षा जड जाई ती राहण्याजेवण्याची सोय. कोरडवाहू शेतकऱ्याच्या घरी धान्य असे, कधी नसे. रोकड मात्र सावकाराकडूनच यायची. शिवाय मुलगा शाळेत गेला की शेतावरचे दोन हात कमी होत, ते वेगळेच. पोराने मामलेदार व्हावे हे स्वप्न बापाने पाहिले नव्हते असे नाही. ते खानावळीच्या दारात अडत होते.

भाऊरावांनी नेमके तेच दार उघडले. ४ ऑक्टोबर १९१९ रोजी कराडजवळच्या काले या गावी रयत शिक्षण संस्थेची स्थापना झाली. १९२४ मध्ये ती साताऱ्यास आली. सर्व जातींची मुले एकत्र राहतील, एका पंगतीत जेवतील, असे वसतिगृह तेथे उभे राहिले. १९२७ मध्ये गांधीजींच्या हस्ते त्याचे 'छत्रपती शाहू बोर्डिंग हाऊस' असे नामकरण झाले. समारंभ झाला तरी रोजची चूल पेटायची होतीच. भाऊराव कधी किर्लोस्करांचे नांगर विकत फिरलेले, म्हणजे मिळवते गृहस्थ. पण एका पगारात इतकी तोंडे भागत नाहीत.

तूट भरून निघाली ती स्त्रीधनातून. सोने ही त्या काळच्या घरातील स्त्रीची एकमेव ठेव: आजारपण, वैधव्य, मुलाचे शिक्षण यांसाठी राखलेली. लक्ष्मीबाईंनाही स्वतःचा मुलगा होता. इतरांच्या मुलांचे स्वप्न जगावे म्हणून एका घराने आपली राखीव पुंजी मोडली, एवढाच त्याचा अर्थ. त्यांच्यावर जैन घरातील सोवळ्याओवळ्याचे संस्कार होते आणि तरीही अस्पृश्य मानलेल्या मुलांसह सर्वांना त्यांनी आपल्या हातांनी वाढले. दागिने देण्यापेक्षा हे सोपे होते असे मला वाटत नाही.

साहित्याच्या विद्यार्थ्यांना एक योगायोग सांगावासा वाटतो. संस्थेच्या आधी तीनच दिवस, १ ऑक्टोबर १९१९ रोजी, माणदेशातल्या शेटफळे येथे ग. दि. माडगूळकरांचा जन्म झाला. घरची गरिबी, मॅट्रिकला अपयश, आणि मग पोटासाठी कोल्हापूरच्या चित्रपटसृष्टीची वाट. पुढे ते १९७३ मध्ये यवतमाळच्या साहित्य संमेलनाचे अध्यक्ष झाले, म्हणून आपण त्या वाटेला भाग्याची वाट म्हणतो. मॅट्रिकला अडलेल्या बाकीच्या मुलांचे चरित्र कोणी लिहिले नाही.

संस्थेने पुढे दागिन्यांवरची भिस्त सोडून श्रमावर ठेवली. मुलांनी शेती करावी, बांधकामावर राबावे आणि त्यातून शिकावे, ही 'कमवा आणि शिका' योजना त्याच अनुभवातून आली. १९४० मध्ये साताऱ्यात महाराजा सयाजीराव हायस्कूल सुरू झाले, ते याच तत्त्वावर. ते पाहायला लक्ष्मीबाई नव्हत्या. १९३० मध्येच त्या गेल्या होत्या.