अँटॉप हिल येथील एक जोडचित्र

अँटॉप हिल येथें राहणाऱ्या एका वृद्ध संग्राहक गृहस्थांनीं गेल्या पावसाळ्यांत आपल्या घरच्या दप्तराची पेटी आम्हांस पाहावयास दिली. पेटींत देवघेवीचे कागद, दोन जीर्ण खतें, जमाखर्चाच्या वह्या आणि तळाशीं खारव्याच्या फडक्यांत गुंडाळलेलें एक छायाचित्र एवढा ऐवज निघाला. छायाचित्रांत पगडी घातलेले तीन पुरुष आहेत. मधला खुर्चीवर बसलेला, बाजूचे दोघे उभे. मागें एक बुटकी टेकडी, दोन ताडाचीं झाडें, व टेकडीच्या पायथ्याशीं सपाट चकाकणारी जमीन दिसते. घरांतील परंपरा अशी कीं, बसलेले गृहस्थ म्हणजे यजमानांचे खापरपणजे, टेकडी म्हणजे अँटॉप हिल, आणि चकाकणारी जमीन म्हणजे पूर्वेकडील वडाळ्याचीं मिठागरें. यावरून हें कुटुंब १८६० च्या सुमारास त्या ठिकाणीं राहत होतें असा सिद्धांत बसवून, तो कुलवृत्तांतांत चित्रासह छापावयाचा असा त्यांचा विचार होता. मजकूर छापखान्याकडे जाण्यास थोडेच दिवस उरले होते.

प्रथमदर्शनीं आम्हींही ही गोष्ट मान्य केली, हें येथें कबूल करणें भाग आहे. जुना कागद हातीं आला कीं संशोधकाचें मन थोडें भोळें होतें. चित्राच्या पाठीवर मोडींत दोन ओळी आहेत. तींत तीन नांवें व ‘टेकडीपाशीं’ एवढा शब्द स्पष्ट वाचतां येतो. पण अक्षराची जाडी सर्वत्र सारखी असून बोरूच्या लेखनांत दिसणारा जाड-बारीक फेर त्यांत नाहीं. लेखन टांकाचें आहे, शाईही वह्यांतील शाईहून निराळी आहे. म्हणजे ही नोंद चित्राबरोबरच लिहिली गेली असें धरून चालण्यास आधार नाहीं. घरांतील कोणी मागाहून, ऐकीव माहितीवरून, ती केली असावी.

खरा संशय मात्र यजमानांच्या नातवानें उपस्थित केला. हा मुलगा हल्लीं छायाचित्रणाचें शिक्षण घेत आहे. त्यानें चित्र खिडकीशीं नेऊन क्षणभर पाहिलें आणि म्हणाला, “आजोबा, हे तिघे तेथें उभेच नव्हते.” त्याचें म्हणणें असें कीं, व्यक्तिचित्राला स्वप्नांतल्यासारखें, अद्भुत रूप आणावयाचें असल्यास आजचे छायाचित्रकार माणसाचें चित्र एका उजेडांत घेतात व देखावा दुसऱ्या उजेडांतला जोडतात, कडा मुद्दाम तीक्ष्ण ठेवतात, सावल्या पुसून टाकतात. या जुन्या चित्राची तऱ्हा नेमकी तशीच आहे. यजमानांस हें रुचलें नाहीं. संगणक निघण्याच्या शंभर वर्षें आधींच्या चित्रांत ही लबाडी कोठून येणार, असें ते म्हणाले. प्रश्न रास्त होता, आणि त्याचें उत्तर मुंबईच्याच इतिहासांत सांपडतें.

मुंबईंत छायाचित्रण फार लवकर रुजलें. ही विद्या युरोपांत १८३९ सालीं प्रसिद्ध झाली. मुंबईची छायाचित्रण-मंडळी १८५४ सालीं स्थापन झाली, आणि पुढच्याच वर्षीं एल्फिन्स्टन इन्स्टिट्यूशनमध्यें या विषयाचा वर्ग निघाला. त्या वर्गांत शिकलेले हरिश्चंद्र चिंतामण हे पुढें मुंबईंतील नांवाजलेले छायाचित्रकार झाले. डॉ. भाऊ दाजी लाड यांचें नांव आमच्या वाचकांस सांगावयास नको. ताम्रपट, नाणीं व हस्तलिखितें यांच्या संग्रहांत त्यांनीं आयुष्य वेंचलें. त्यांचे बंधु डॉ. नारायण दाजी हे याच मंडळीचे सभासद असून मुंबईच्या नाना जातींच्या लोकांचीं चित्रें त्यांनीं घेतलीं होतीं. एका घरांत एक भाऊ जुने लेख उलगडीत होता आणि दुसरा नवे लेख काचेवर उठवीत होता, असें म्हटल्यास वावगें होणार नाहीं.

प्रस्तुत विषयाच्या दृष्टीनें महत्त्वाचा पुरुष मात्र निराळा. विल्यम जॉन्सन हा मुंबई सरकारच्या नोकरींत कारकून म्हणून आला आणि १८५० नंतर लवकरच छायाचित्रणाच्या धंद्यांत शिरला. विल्यम हेंडरसन याच्या जोडीनें त्यानें १८५६ पासून १८५८ पर्यंत हौशी छायाचित्रकारांसाठीं एक मासिक अल्बम चालविला. त्यांत पश्चिम हिंदुस्थानांतील लोकांचे पोषाख व प्रकार दाखविणारीं चित्रें येत. पुढें मुंबईंत राहणाऱ्या व येणाऱ्या पौर्वात्य जातिजमातींवर जॉन्सनने एक मोठा सचित्र ग्रंथ लंडनहून काढला. त्याचा पहिला खंड १८६३ सालीं निघाला. तो गुजराथ, कच्छ व काठेवाड येथील लोकांविषयीं आहे. दुसरा खंड १८६६ सालचा असून त्यांत महाराष्ट्रांतील लोक आहेत. या ग्रंथांतील चित्रें पाहतां पाहणारा चकित होतो. बायका-पुरुषांचे समूह मंदिरांपुढें, बागांपुढें, रस्त्यांवर उभे आहेत. परंतु त्यांचे पाय जमिनीस लागल्यासारखे दिसत नाहींत, आणि मागील देखाव्याशीं त्यांचें कांहींएक देणेंघेणें असल्याचें जाणवत नाहीं. कारण उघड आहे. माणसांचीं चित्रें स्टुडिओंत घेतलेलीं आहेत, देखावे अन्यत्र घेतलेले आहेत, आणि दोहोंचा सांधा कारागिरानें मागाहून जुळविला आहे. आज हीं चित्रें परदेशांतील संग्रहालयांच्या कृपेनें घरबसल्या पाहतां येतात. आम्ही यजमानांस तीं त्यांच्या नातवाच्याच यंत्रावर दाखविलीं. ते बराच वेळ कांहीं बोलले नाहींत.

असा खटाटोप त्या काळीं कां करावा लागे? इंग्लंडांतील फ्रेडरिक स्कॉट आर्चर यानें १८५१ सालीं जी कलोडियनची रीत प्रसिद्ध केली तींत काचेवर चिकट द्रव ओतून ती काच ओली असतांनाच यंत्रांत घालावी लागे, आणि ओली असतांनाच अंधारांत धुवावी लागे. मुंबईच्या उन्हाळ्यांत ती काच किती वेळ ओली राहणार! बाहेर चित्र घ्यावयाचें तर काळोखी राहुटी, बाटल्या, पाणी, सर्व सामान बरोबर न्यावें लागे. शिवाय चित्र उठण्यास कित्येक सेकंद लागत, तेवढा वेळ सर्वांनीं निश्चल राहिलें पाहिजे. घरंदाज कुटुंबांतील बायका भर रस्त्यांत येऊन अशा उभ्या राहणें त्या काळीं शक्यच नव्हतें. सबब माणसें कांचेच्या छपराखालच्या स्टुडिओंत, आणि देखावा निवांतपणें दुसऱ्या दिवशीं, हीच सोयीची वाट होती.

ही युक्ति जॉन्सनची स्वतःची नव्हे. इंग्लंडांत ऑस्कर रेलँडर यानें १८५७ सालीं तिसाहून अधिक काचा जोडून एक भव्य चित्र रचलें, व १८५८ सालीं हेन्री पीच रॉबिन्सन यानें पांच काचांवरून एका मरणासन्न मुलीचा देखावा उभा केला. त्यावरून मोठा वाद माजला. छायाचित्रानें खोटें सांगावें काय, हा त्याचा मुद्दा होता. फरक इतकाच कीं, त्यांचीं चित्रें कलाकृति म्हणून पुढें आलीं, जॉन्सनचीं लोकांच्या जातींचें व राहणीचें दर्शन म्हणून. कलावंताचें जोडकाम कल्पना ठरतें. तेंच माहितीच्या ग्रंथांत आलें म्हणजे वाचक फसतो.

आतां पेटींतील चित्राकडे वळूं. तें कोणी तयार केलें हें त्यावर कोठेंही नमूद नाहीं, आणि तें जॉन्सनचें आहे असा आमचा दावा नाहीं. परंतु रीत तीच आहे, हें पुढील खुणांवरून दिसतें. तिघांच्या चेहऱ्यांवर उजेड डाव्या बाजूनें व वरून पडला आहे, आणि तो मऊ आहे; तो कांचेच्या छपरांतून गाळून आलेला उजेड होय. टेकडीवर मात्र कडक ऊन उजव्या बाजूचें आहे व ताडांच्या सावल्या डावीकडे पडल्या आहेत. सूर्य एका वेळीं दोन दिशांस असूं शकत नाहीं. भिंगानें पाहतां उभ्या गृहस्थांच्या पगडीभोंवतीं केसाएवढी पांढरी रेघ दिसते. कात्रीनें कापलेल्या कडेची ती खूण. खुर्चीच्या पायांखालीं जी सावली आहे ती कुंचल्यानें काढलेली आहे, कारण तिच्यांत पुढील बारीक खडे अजिबात दिसत नाहींत. 

यजमानांनीं एक चांगली हरकत घेतली: चित्र चिकटविलेलें असतें तर हाताला कड लागली असती. कागद तिरप्या उजेडांत धरून आम्ही तेंही पाहिलें. पृष्ठभाग सर्वत्र सारखा, अंड्याच्या पांढऱ्या बलकाच्या कागदाची चकाकी अखंड. परंतु यावरून जोड नाहीं असें ठरत नाहीं. कापलेलीं माणसें देखाव्यावर चिकटवून त्या जोडाचेंच पुन्हां छायाचित्र घेतलें, किंवा एकाच कागदावर दोन काचा आलटून पालटून झांकीत छापल्या, तर हाताला कांहींच लागत नाहीं. बनावट सनदेच्या बाबतींत शिक्का अस्सल व मजकूर बनावट असा प्रकार आपल्या पाहण्यांत येतोच. त्यांतलाच हा एक प्रकार.

परंतु चित्रास सरसकट बनावट म्हणून टाकून देणेंही चूक होईल, आणि आमचें मुख्य म्हणणें येथेंच आहे. हा एक कागद नसून दोन कागद एकत्र शिवलेले आहेत, आणि प्रत्येकाची साक्ष निरनिराळी घेतली पाहिजे. माणसांचा अर्धा भाग तिघांचे चेहरे, पगडीची बांधणी, अंगरख्याचे बंद, बोटांतील अंगठ्या यांविषयीं साक्ष देतो. तीसुद्धां सावधपणें ऐकावी, कारण स्टुडिओंत खुर्ची, शाल, क्वचित् पोषाखही उसना मिळत असे. देखाव्याचा अर्धा भाग कोण्या एका टेकडीविषयीं साक्ष देतो. ती माणसें त्या टेकडीपाशीं होतीं, ही साक्ष दोहोंपैकीं एकही अर्धा देत नाहीं. ती केवळ सांध्यानें दिलेली आहे, आणि सांधा कारागिराचा आहे. शिवाय ताड व मिठागरें त्या काळीं मुंबई बेटाच्या व साष्टीच्या किनाऱ्यावर ठिकठिकाणीं होतीं. तेवढ्यावरून अँटॉप हिल ओळखणें धाडसाचें आहे.

चित्र खरें आणि त्यावरील नांव खोटें, असा अनुभव महाराष्ट्रास नवा नाहीं. इब्राहिमखान नांवाच्या एका मुसलमान सरदाराचें चित्र शिवाजी महाराजांचें म्हणून कित्येक वर्षें पुस्तकांतून छापलें जात होतें; वा. सी. बेंद्रे यांनीं महाराजांचें समकालीन चित्र शोधून १९३३ सालीं लोकांपुढें आणलें तेव्हां तो भ्रम फिटला. तेथें चित्रांत कोणी हात घातला नव्हता, फक्त नांव चुकलें होतें. येथें नांवें बरोबर असूं शकतील, पण जागा जोडलेली आहे. दुसरा प्रकार पकडण्यास अधिक कठीण, कारण घरांतील माणूस चेहरा ओळखतो आणि त्या ओळखीच्या भरांत मागची टेकडीही ओळखून टाकतो.

जातां जातां एक सांगावेंसें वाटतें. जी युक्ति इतिहासाला अडचणीची झाली तिनें कलेस मोठें दान दिलें. दादासाहेब फाळके हे चित्रपटाकडे वळण्यापूर्वीं छायाचित्रणाचा व्यवसाय करीत. पुढें अँटॉप हिलपासून फार दूर नसलेल्या दादरास त्यांचें बिऱ्हाड होतें. त्यांच्या १९१९ सालच्या ‘कालिया मर्दन’ या चित्रपटाच्या आरंभीं त्यांची लहान मुलगी मंदाकिनी हिच्या चेहऱ्यावरील नाना भाव दाखविले असून, पाहतां पाहतां त्याच मुखाचा बाळकृष्ण होतो. तेथें सांधा लपविण्याचा हेतु फसविण्याचा नसून रमविण्याचा होता.

कुलवृत्तांतासंबंधीं शेवटीं असें ठरलें कीं, चित्र छापावें, पण ‘अँटॉप हिल येथील निवासस्थानीं’ हे शब्द गाळावे. तिघांचीं नांवें ‘घरांतील मागाहूनच्या मोडी नोंदीवरून’ असें म्हणून द्यावीं. आणि देखावा जोडलेला असल्याचें चित्राखालींच लिहावें. यजमानांनीं शेवटच्या वाक्याबद्दल दोन दिवस विचार केला, मग स्वतःच्या हातानें तें कच्च्या मुद्रितावर घातलें. निवासाचा पुरावा चित्रांत नव्हे, तर पेटींतील दोन जीर्ण खतांत शोधावा अशी सूचना आम्ही केली आहे. त्यांपैकीं एकाच्या घड्या ओलसर करून उलगडण्याचें काम चालू असून चतुःसीमेच्या ओळीपर्यंत वाचन आलें आहे.