किमयेकडून रसायनशास्त्राकडे : गुप्त कृतीपासून प्रकट प्रयोगापर्यंत

प्रस्तावना :
हलक्या धातूंचे सोने करू पाहणारी किमया ही निव्वळ अंधश्रद्धा होती आणि प्रायोगिक रसायनशास्त्राने तिचा पाडाव केला, अशी समजूत सर्वत्र रूढ आहे. मात्र विज्ञानाचे इतिहासकार विल्यम न्यूमन व लॉरेन्स प्रिन्सिप यांनी १९९८ मध्ये असे प्रतिपादन केले की, सतराव्या शतकातील युरोपात ही दोन्ही नावे बहुधा एकाच उद्योगासाठी वापरली जात. तसे असेल, तर पुढील शतकभरात नेमके काय बदलले, या प्रश्नाचा विचार प्रस्तुत लेखात केला आहे.

किमयेचा वारसा :
ऊर्ध्वपातन, भस्मीकरण, धातुपरीक्षा या क्रिया आणि त्यांसाठी लागणाऱ्या भट्ट्या व पात्रे यांचा वारसा रसायनशास्त्राला किमयेकडूनच मिळाला. तराजूही त्यातलाच. धातूंच्या रूपांतरावर विश्वास असलेल्या व्हॅन हेल्मॉन्टने २०० पौंड कोरड्या मातीत ५ पौंडांचे विलोचे रोप लावले आणि ५ वर्षे केवळ पाणी घातले. झाडाचे वजन १६९ पौंडांवर गेले. माती मात्र सुमारे २ औंसच घटली. १६४८ मध्ये प्रसिद्ध झालेल्या या प्रयोगावरून काढलेला, झाड केवळ पाण्यापासून बनते, हा निष्कर्ष चुकीचा ठरला. परंतु वजनाच्या आधारे निसर्गाला प्रश्न विचारण्याची रीत टिकून राहिली.

संक्रमणकाळ :
रॉबर्ट बॉईलने १६६१ मध्ये ‘द स्केप्टिकल किमिस्ट’ या ग्रंथात चार महाभूतांच्या आणि पारा, गंधक व मीठ या तीन तत्त्वांच्या सिद्धांतांवर प्रश्नचिन्ह उभे केले. तरीही सोने बनविणे शक्य आहे, असे त्याला वाटत असे. कृत्रिम सोने करण्यास मनाई करणारा १४०४ चा इंग्लंडमधील कायदा १६८९ मध्ये रद्द झाला, त्यामागे त्याचेही प्रयत्न होते. हॅम्बुर्गच्या हेनिंग ब्रांडला परीस शोधताना १६६९ च्या सुमारास मूत्रापासून फॉस्फरस मिळाला. त्याने ती कृती गुप्त ठेवली व पुढे विकली. बॉईलने १६८० मध्ये फॉस्फरस स्वतः तयार केला आणि त्याची कृती मोहोरबंद लखोट्यात रॉयल सोसायटीकडे ठेवली. ती त्याच्या मृत्यूनंतर प्रसिद्ध झाली. गुप्तता आणि प्रकटता यांच्या सीमारेषेवरील या काळाचे तो लखोटा बोलके प्रतीक आहे.

साक्षीदार आणि तराजू :
अठराव्या शतकात ही सीमारेषा ओलांडली गेली. रॉयल सोसायटीचा सदस्य जेम्स प्राइस याने १७८२ मध्ये पाऱ्यापासून सोने केल्याचा दावा केला. प्रतिष्ठित साक्षीदारांची ग्वाही असूनही सोसायटीने प्रयोग पुन्हा करून दाखविण्यास सांगितले. १७८३ मध्ये प्राइसने विष घेऊन जीवन संपविले. व्यक्तीच्या प्रतिष्ठेपेक्षा प्रयोगाची पुनरावृत्ती अधिक प्रमाण मानली जाऊ लागली होती, हे या शोकांतिकेतून दिसते.

तत्पूर्वी फ्रान्समध्ये लाव्हाझिएने ‘पेलिकन’ या किमयागारांच्याच काचपात्रात १०१ दिवस पाणी उकळत ठेवले. पाण्याची माती होते, हा जुना समज त्याला तपासायचा होता. पात्रात गाळ साचला. परंतु पात्र व पाण्यासह एकूण वजन बदलले नव्हते आणि रिकाम्या पात्राचे वजन मात्र घटले होते. गाळ पाण्यातून नव्हे, तर काचेतून आला होता. पुढे १७८७ मध्ये लाव्हाझिए व त्याच्या सहकाऱ्यांनी गूढ नावांच्या जागी घटक सुचविणारी नामावली मांडली आणि १७८९ च्या त्याच्या ग्रंथात ३३ मूलद्रव्यांची यादी आली.

निष्कर्ष :
या स्थित्यंतरात भट्टी, पात्र व तराजू कायम राहिले. बदलली ती ज्ञानाची सामाजिक शिस्त. कृती उघड करणे, वजनांचा हिशेब मांडणे आणि इतरांना प्रयोग पडताळून पाहू देणे, हे बंधनकारक होत गेले. किमयागारांना केवळ भोंदू ठरविल्यास ही शिस्त किती सावकाश आणि किती किंमत मोजून घडली, हे विद्यार्थ्यांच्या नजरेआड राहते. म्हणूनच रसायनशास्त्राच्या अध्यापनात हा इतिहास त्यातील चुकांसह येणे आवश्यक आहे.