दुहेरी ठसा की यंत्राचा हिसका? नाण्यावरील जोड-अक्षरांची पारख

म्हापशाच्या शुक्रवारच्या बाजारात सुट्टे म्हणून हाती पडलेल्या नाण्यावर वर्षाखाली पाच टोकांचा तारा असेल, तर ते हैदराबादच्या टाकसाळीत पाडलेले असते. मुंबईची खूण चौकट, नोएडाची टिंब. कोलकात्याच्या नाण्यावर खूण नसते. हैदराबादेत दिलसुखनगरच्या एखाद्या किराणा दुकानातील गल्ल्यात पडलेले नाणे आणि आपल्या खिशातील नाणे एकाच ठशातून निघालेले असू शकते. नाण्यावरील अक्षरे दोनदा उमटलेली दिसली, की खऱ्याखोट्याची पारख करताना हीच गोष्ट उपयोगी पडते.

हैदराबादची ही टाकसाळ १८०३ सालची, निजाम सिकंदर जाह याच्या काळातील. १९०३ मध्ये ती सैफाबादला गेली, १९५० मध्ये केंद्र सरकारकडे आली आणि १९९७ मध्ये चर्लापल्लीच्या नव्या इमारतीत कामाला लागली.

नाण्यावर थेट कोरीवकाम होत नाही. उठावाच्या मूळ ठशाने पोलादी तुकड्यावर दाब देऊन उलटा, खोलगट असा कामाचा ठसा तयार करतात, आणि तो कोऱ्या चकत्यांवर आपटला की नाणी पडतात. जुन्या पद्धतीत कामाचा ठसा एका दाबात पुरा होत नसे. पोलाद तापवून मऊ करीत आणि पुन्हा दाब देत. त्या दुसऱ्या वेळी मूळ ठसा केसभर जरी सरकला, तरी ठशातच दोन प्रतिमा कोरल्या जातात. यालाच ‘डबल्ड डाय’, म्हणजे दुहेरी ठसा म्हणतात. चूक ठशाची असल्याने त्यातून पडणाऱ्या प्रत्येक नाण्यावर ती त्याच जागी उमटते.

‘मशीन डबलिंग’ची गोष्ट निराळी. तेथे ठसा निर्दोष असतो. तो यंत्रात सैल बसलेला असतो, इतकेच. आघात झाल्यावर तो किंचित हिसकतो आणि नुकत्याच उठलेल्या अक्षराची कड खरडून खाली दाबतो. त्यामुळे दुसरी प्रतिमा म्हणून जे दिसते ते अक्षर नसून चेपलेल्या धातूची सपाट, चकचकीत पायरी असते.

हा भेद ‘भारत’ या शब्दाच्या शिरोरेषेवर चांगला कळतो. नाणे तिरप्या उजेडात धरून दहापट मोठे दाखवणाऱ्या भिंगातून पाहावे. दुहेरी ठशात शिरोरेषा जाड होते, तिच्या टोकाशी खाच पडून दोन रेषा वेगळ्या दिसू शकतात, आणि दोन्ही सारख्या गोलसर उठावाच्या असतात. यंत्राच्या हिसक्यात उलट घडते. पायरी मूळ रेषेतूनच कापली गेलेली असल्याने वरची रेषा बारीक होते. अक्षर फुगले की झिजले, हा एक प्रश्न विचारला तरी निम्मी पारख होते. (निम्मीच, कारण ठसा वापराने झिजला तरी अक्षरांभोवती पुसट सावली येते, आणि तीही काही जण ‘दुर्मीळ चूक’ म्हणून खपवतात.)

खात्रीची कसोटी मात्र जुळणीची. त्याच वर्षाचे, त्याच खुणेचे दुसरे नाणे मिळवावे. त्यावर तेच दुहेरीपण त्याच दिशेने आणि तेवढ्याच अंतराने असेल, तर ठशाविषयी बोलता येते. यंत्राच्या हिसक्याचे माप नाण्यागणिक बदलते. अर्थात ठसा बराच वेळ तसाच सैल राहिला तर लागोपाठची नाणी एकसारखी दिसू शकतात, म्हणून पायरीची पाहणी टाळू नये.

दुहेरी ठशाचे जगप्रसिद्ध उदाहरण म्हणजे अमेरिकेचा १९५५ सालचा एक सेंट. फिलाडेल्फियाच्या टाकसाळीतून अशी वीस हजारांच्या आसपास नाणी चलनात गेली. त्यावरील दुहेरी वर्ष भिंगाशिवाय वाचता येते, आणि संग्राहक त्यासाठी मोठी रक्कम मोजतात. या कीर्तीवरच पुढचा बाजार चालतो. हिसक्याचे साधे नाणे ‘डबल्ड डाय’ म्हणून विकले जाते. प्रत्यक्षात त्याला दर्शनी किमतीहून फारसे मोल नसते.

जुन्या नाण्यांना लाखोंचा भाव देतो सांगून आधी ‘शुल्क’ वा ‘कर’ मागणाऱ्यांबद्दल रिझर्व्ह बँकेने ४ ऑगस्ट २०२१ रोजी जनतेला सावध केले होते. अशा व्यवहारांसाठी बँक कोणाकडूनही शुल्क घेत नाही आणि तिने कोणाला तसा अधिकारही दिलेला नाही. नाणे विकायचेच असेल तर ते चिंच वा राखेने घासू नये. घासल्याने पायरी आणि खाच दोन्ही पुसट होतात, आणि मग जाणकारालाही काही सांगता येत नाही.